१४ दिवस थांबलेला माल

"फायनान्सवाल्यांना प्लांटमध्ये जायची गरज नसते, सगळं एक्सेलमध्ये दिसतं" हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातलं वाक्य मला मुळीच पटलं नाही. मी सलाईनच्या बाटल्या बनवणाऱ्या कंपनीत दीड वर्षापासून ॲनालिस्ट आहे. पहिल्याच महिनाअखेरीला अहवालात लिहून मोकळी झाले, की तयार माल विनाकारण पडून आहे, पैसा अडकलाय. क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणी विभागाच्या) मॅडम रागावल्या नाहीत, सरळ लॅबमध्ये घेऊन गेल्या. इनक्युबेटरमध्ये नमुन्यांच्या नळ्या ओळीने लावलेल्या. निर्जंतुकता चाचणीला १४ दिवस लागतात. नळीतलं द्रावण गढूळ दिसलं, म्हणजे जंतू वाढल्याची शंका आली, तर अख्खी बॅच रोखून चौकशी. "हे थेट शिरेत जातं गं," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून तो माल मी 'चाचणीत' म्हणून वेगळा दाखवते.

आणि "खर्च वाढला की भाव वाढवा" हा त्याच लेखातला सल्ला? नेहमीची सलाईन अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, त्यांचा कमाल भाव एनपीपीए ही औषधांच्या किमतींवर नियंत्रण ठेवणारी केंद्र सरकारची संस्था ठरवते. एप्रिल २०२४ मध्ये घाऊक महागाईच्या हिशोबाने वाढ मिळाली ०.००५५१ टक्के. म्हणजे १०० रुपयांमागे जेमतेम अर्धा पैसा! प्लॅस्टिकचे दाणे, वीज, मजुरी त्या आकड्याकडे बघून वाढत नाहीत. मग बचत शोधायची ती रिजेक्शनमध्ये, गळक्या सीलमध्ये, वाफेच्या वापरात. त्यासाठी डोक्याला टोपी लावून आतच जावं लागतं. नव्याने लागलेल्या मुलामुलींनी पहिल्याच आठवड्यात एखादं बॅच रेकॉर्ड, म्हणजे एक बॅच कशी बनली त्याची पूर्ण नोंद, वाचायला मागावं, कोणी नाही म्हणत नाही.