मूळ अर्थाचा हट्ट

पुण्याहून दादाचा लांबलचक मेसेज आला. संस्कृतात 'राग' म्हणजे प्रेम, आपण त्याचा संताप केला. 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, आपण तिची टवाळी केली. 'शिक्षा' हिंदीने विद्येसाठी ठेवली, आपण पोरांना अंगठे धरायला लावले. मराठीने शब्द नासवले, म्हणे. दिवसभर धुमसत होते मी, आणि तेही मराठीतल्याच रागाने.

तोक्योत चौदा वर्षं कान्जी, म्हणजे जपानीने चिनीतून घेतलेली अक्षरं, गिरवते आहे. लेकीच्या शाळेत व्हरांड्यात पाटी आहे : पळू नका. तिच्या मैत्रिणीची आई चीनची. ती म्हणाली, पहिल्यांदा मी 'चालू नका' असंच वाचलं. अक्षर एकच. जुन्या चिनीत त्याचा अर्थ पळणं. जपानीत तो तसाच राहिला, चीनमध्ये मात्र पळणारा चालायला लागला. सेंतोच्या, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहाच्या, पडद्यावर 'बायका' आणि 'गरम पाणी' अशी दोन अक्षरं असतात. त्यातलं दुसरं चीनमध्ये आज सूप! जुना अर्थ गरम पाणीच. मग दादाच्या हिशेबाने चिन्यांनी स्वतःचीच अक्षरं नासवली का?

उलटंही घडलंय. 'राज्य चालवावं, प्रजेला तारावं' अशा अर्थाच्या चार अक्षरी चिनी वचनातली दोन अक्षरं घेऊन मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जपानने त्यांना 'अर्थव्यवस्था' हा नवा अर्थ दिला. पुढे चीनने तो शब्द या नव्या अर्थासकट परत घेतला. यान फूसारख्या चिनी विद्वानाने अर्थशास्त्रासाठी स्वतःचा वेगळा शब्द पुढे केला होता. लोकांनी शेजाऱ्याचाच उचलला.

हे सगळं दादाला लिहून पाठवलं, आणि रात्री झोप लागेना. जुना अर्थ टिकला तो घरापासून लांब गेलेल्या अक्षरांत, हे मीच लिहिलं होतं. माझी मराठीही निघाले त्या वर्षीचीच राहिली आहे. भाची म्हणते, आत्या, असं आता कुणी बोलत नाही.

जपानीत 'काएरू' म्हणजे परतणं. जुन्या चिनीत नवरी सासरी निघाली की तिच्यासाठीही हेच अक्षर लिहीत, जणू ती स्वतःच्या घरी परतते आहे. हे कळलं तेव्हा फार बोचलं होतं. पुण्याला निघताना मी 'काएरू' म्हणते. गेल्या जानेवारीत नारिता विमानतळाहून ट्रेनमध्ये बसल्यावर लेकीला मेसेज केला, त्यातही तेच अक्षर आलं. ते खोडून 'येते' लिहिलं. मग तेही खोडलं आणि पुन्हा 'काएरू' लिहून पाठवलं.