नऊची शाळा, पण नेमकी कुणाची?

महाराष्ट्रात शाळेच्या वेळेचा वाद अधूनमधून उफाळून येतो आणि दरवेळी लहान मुलांभोवतीच फिरतो. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदलायला हव्यात, असं सुचवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाचा आदेश निघाला: पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत. लगेच स्कूल बसवाले, दोन सत्रांत शाळा चालवणारे संस्थाचालक, नोकरीवर जाणारे आईबाप, सगळेच बोलू लागले. पेंगुळलेली पोरं रिक्षात कोंबणं थांबेल, बरंच झालं, असं काहींचं मत. मुलं जागतात ती मोबाईलमुळे, त्यासाठी शाळेने का वाकायचं, असं बाकीच्यांचं.

मी अमेरिकेतल्या सॅन डिएगोत झोपेवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. इकडे शाळेच्या वेळेचा वाद आमच्याच विषयातून उभा राहिला, कायद्यापर्यंत गेला आणि अजून मिटलेला नाही. त्यामुळे तिकडच्या बातम्या वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. उशिरा भरणाऱ्या शाळेची सगळ्यात जास्त गरज ज्या वयाला आहे, म्हणजे साधारण आठवी ते बारावी, ते वय या आदेशात नाहीच. उलट दोन सत्रांच्या शाळेत छोट्यांना नऊच्या पुढे न्यायचं म्हटलं, की रिकाम्या झालेल्या सातच्या सत्रात कुणाला बसवणार? मोठ्यांनाच. मेंदूच्या हिशेबाने हे नेमकं उलटं आहे.

झोपेची वेळ ठरवणाऱ्या दोन यंत्रणा आहेत. एक मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर: सुप्राकायाझ्मॅटिक न्यूक्लियस. जेमतेम २० हजार चेतापेशींचा हा पुंजका म्हणजे शरीराचं मुख्य घड्याळ. डोळ्यांतल्या काही खास पेशी उजेडाची खबर त्याला देतात, आणि अंधार पडल्यावर काही तासांनी त्याच्या इशाऱ्यावर मेलाटोनिन हे रात्र झाल्याची खबर देणारं संप्रेरक पाझरू लागतं. दुसरी यंत्रणा झोपेच्या दाबाची. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, जितकं जास्त साठेल तितके डोळे जड.

वयात येताना या दोन्ही यंत्रणा बदलतात. घड्याळ मागे सरकतं, मेलाटोनिन उशिरा वाढू लागतं आणि सकाळी उशिरा ओसरतं. झोपेचा दाबही लहानपणापेक्षा सावकाश चढतो. म्हणून सहा वर्षांचं पोर साडेआठला जेवणाच्या ताटावर डुलक्या घेतं आणि त्याच घरातली पंधरा वर्षांची ताई अकरा वाजता टक्क जागी असते. हे सरकणं विशीच्या आसपास टोकाला पोचतं आणि मग घड्याळ हळूहळू पुन्हा अलीकडे येऊ लागतं. वयात येणाऱ्या इतर काही सस्तन प्राण्यांतही असाच बदल दिसला आहे, आणि त्यांच्या हातात मोबाईल नसतो. मोबाईल निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. रात्रीचा उजेड घड्याळ आणखी मागे ढकलतो, पडद्यावरचं जग झोप लांबवतं. पण मोबाईल काढून घेतला तरी पंधराव्या वर्षीचं शरीर नऊला झोपायला तयार होत नाही.

आमच्या क्षेत्रात हे मोजायची पद्धत सोपी आहे. संध्याकाळी मुलाला मंद उजेडाच्या खोलीत बसवतात आणि दर अर्ध्या तासाने कापसाचा छोटा बोळा चघळायला देतात. त्यात भिजलेली लाळ नळीत जाते आणि तिच्यातलं मेलाटोनिन मोजलं, की शरीराची रात्र कधी सुरू झाली ते कळतं. रात्री डोक्यावर टेपने मापं घेऊन, पेन्सिलीने खुणा करून, पेस्टने इलेक्ट्रोड चिकटवतात आणि पहाटेपर्यंत पडद्यावर मेंदूच्या लहरी सरकत राहतात. रात्रीच्या पहिल्या भागात मोठ्या, संथ लहरींची गाढ झोप जास्त असते. डोळे पापण्यांआड भिरभिरतात ती स्वप्नांची, म्हणजे रेम झोप, पहाटेच्या भागात जास्त. सोळा वर्षांच्या मुलाला साडेपाचला उठवलं तर कात्री मुख्यतः याच झोपेला लागते.

अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या मेरी कार्स्केडन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात अजूनही सांगितला जातो. नववीतून दहावीत जाताना मुलांच्या शाळेची वेळ ८:२५ वरून ७:२० वर आली. मुलांनी झोपायची वेळ तेवढी अलीकडे आणली नाही, त्यांना ती आणताच आली नाही. सकाळी शांत खोलीत आडवं व्हायला सांगितल्यावर ही मुलं काही मिनिटांत झोपली आणि जवळपास निम्म्या मुलांत चाचणीच्या डुलकीत थेट रेम झोप दिसली. एरवी ही खूण नार्कोलेप्सी या झोपेच्या आजाराच्या रुग्णांत पाहायला मिळते. शाळेत पहिल्या तासाला बाकावर बसलेल्या मुलाचं शरीर उठलेलं असतं, मेंदूची रात्र संपलेली नसते.

"आम्ही नाही का पहाटे चारला उठून पाठांतर केलं?" हे मला दरवेळी ऐकवलं जातं. केलं, खरंच केलं. पण पाठ केलेलं टिकतं कसं, हा प्रश्न राहतो. दिवसभर शिकलेलं आधी हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या आतल्या छोट्या भागात कच्चं नोंदलं जातं. झोपेत त्या नोंदी पुन्हा पुन्हा उजळतात आणि मेंदूच्या बाह्य थरात पक्क्या होत जातात. विरजण लावून तासाभरात भांडं हलवलं तर दही लागत नाही, तसंच हे. जागून केलेला अभ्यास वाया जात नाही, पण त्याला बसायला वेळ मिळत नाही. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, अशी अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. अकराला झोप लागणाऱ्या मुलाला ८ तास द्यायचे तर त्याने सातला उठायला हवं. साताच्या शाळेत हे कसं बसवणार?

त्यात मुंबईचं एक वेगळंच दुखणं आहे, ज्याची चर्चा मी कुठेच वाचली नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे, मुंबई ७२.८ अंशांवर. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे मुंबईचा सूर्य घड्याळापेक्षा सुमारे ३९ मिनिटं मागे. मुंबईने याच कारणाने आपली वेगळी वेळ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जपली होती. सूर्याच्या हिशेबाने मुंबईतली सातची शाळा ६:२० च्या सुमाराला भरते. जानेवारीच्या मध्यात तिथे सूर्य उगवतो सव्वासातच्या आसपास, म्हणजे पहिली घंटा सूर्योदयाच्या आधी. सॅन डिएगोचा हिवाळ्यातला हिशेब करून पाहिला. इथला सूर्य घड्याळाच्या ११ मिनिटं पुढे, त्यामुळे इथली साडेआठची शाळा सूर्याच्या ८:४० ला. कागदावर दीड तासाचा दिसणारा फरक शरीरासाठी सव्वादोन तासांहून अधिक आहे. महाराष्ट्रातही सगळं एकसारखं नाही. नागपूर मुंबईच्या बरंच पूर्वेला असल्याने तिथला सूर्य मुंबईच्या साधारण २५ मिनिटं आधी उगवतो. त्यातून विदर्भातला एप्रिल. ४४ अंशांच्या उन्हात दुपारची शाळा भरवा, असं कॅलिफोर्नियात बसून सांगायचा मला अधिकार नाही आणि मी ते सांगणारही नाही. उन्हाळ्यात तिथे सकाळची शाळाच हवी.

इकडचा कायदा आदर्श म्हणून दाखवायचीही माझी तयारी नाही. नव्वदच्या दशकात मिनेसोटातल्या ईडायना या शहराने हायस्कूलची वेळ ७:२० वरून ८:३० वर नेली. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने मिडल स्कूल (साधारण सहावी ते आठवी) आणि हायस्कूल (नववी ते बारावी) साडेआठच्या आधी भरवू नका, असं जाहीर म्हटलं. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेलं विधेयक २०१८ मध्ये गव्हर्नरांनी फेटाळलं, पुढच्या वर्षी नव्या गव्हर्नरांनी सही केली, आणि २०२२ च्या जुलैपासून हायस्कूल साडेआठच्या आणि मिडल स्कूल आठच्या आधी भरेनाशी झाली. पुरावा हातात आल्यापासून कायदा लागू होईपर्यंत एक पिढी शाळा सोडून गेली. ग्रामीण भागातल्या शाळा आणि नियमित वेळेआधीचा ऐच्छिक तास यातून वगळलेले आहेत. फ्लोरिडाने तर २०२३ मध्ये असाच कायदा केला आणि अंमल सुरू व्हायच्या आधीच, २०२५ मध्ये, मागे घेतला. बसच्या फेऱ्या आणि खर्च जमेना. म्हणजे स्कूल बसवाल्यांची हरकत ही मागासलेपणाची खूण नव्हे, ती जगभरची खरी अडचण आहे. सिएटलने मात्र २०१६ मध्ये ती सोडवून दाखवली. हायस्कूल ७:५० वरून ८:४५ वर गेल्यावर मनगटावरच्या यंत्रांनी मोजलेली मुलांची झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढली. शाळा उशिरा झाली म्हणून मुलं आणखी जागतील, ही भीती तिथे तरी खरी ठरली नाही.

पण महाराष्ट्राने बघावं ते अर्जेंटिनाकडे. ब्युनोस आयर्समधल्या एका माध्यमिक शाळेत सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीन सत्रं आहेत आणि कोणत्या मुलाला कुठलं सत्र, हे सोडत काढून ठरतं. सकाळचं सत्र ७:४५ चं, दुपारचं १२:४० चं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात दिसलं, की उशिरा झोपायचा पिंड असलेली मुलं सकाळच्या सत्रात मागे पडतात, विशेषतः गणितात, आणि दुपारच्या सत्रात हा फरक पुसट होतो. मुलं तशाच पिंडाची, विषय तेच, गुण बदलतात ते घंटेमुळे. दोन सत्रांची शाळा ही आपल्याकडे जागेच्या टंचाईतून आलेली गोष्ट. तीच इथे उपाय होऊ शकते: बारा-साडेबाराला भरणारं सत्र मोठ्यांना आणि सकाळचं, सात नव्हे, आठ-साडेआठचं सत्र छोट्यांना. त्यासाठी आदेशातल्या नऊच्या अटीत दोन सत्रांच्या शाळांना थोडी सूट द्यावी लागेल. छोट्यांचं घड्याळ मुळात लवकरचं असतं, त्यांना रात्री वेळेवर झोपवता येतं. हे वयाच्या बाराव्या वर्षानंतर कुणाच्याच हातात राहत नाही.

मला शिकवलेल्या एक बाई आता मुख्याध्यापिका आहेत. त्यांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, पालकच येऊन सांगतात, दहावीला सकाळचं सत्र द्या. दुपारी क्लास असतो ना." खरी गाठ ही आहे. माझा भाचा डोंबिवलीत दहावीला आहे. साडेपाचला उठतो, सातला शाळा, एकला घरी, तीनपासून क्लास, साडेआठला परत, मग क्लासचा गृहपाठ. शाळेची वेळ मुलाच्या मेंदूकडे बघून ठरत नाही, ती क्लासला दुपार मोकळी मिळावी म्हणून ठरते. ताईला मी दोष देत नाही. जेईई आणि नीटच्या जागा मोजक्या आहेत, आणि इतर सगळे क्लासला जात असताना आपल्याच मुलाला झोपू द्यायची हिंमत एकट्या आईने कुठून आणायची? म्हणूनच हे एकेका घरावर सोडून चालणार नाही. क्लासच्या शेवटच्या बॅचची वेळही शाळेच्या पहिल्या घंटेइतकीच नियमात यायला हवी.

विद्यापीठांनाही मी यातून मोकळं सोडणार नाही. इकडच्या प्रयोगशाळांत रात्रभर काम करणारे पीएचडीचे विद्यार्थी सकाळी नऊच्या बैठकीला हजर असावे लागतात, तिकडेही तेच. झोप कमी करणं म्हणजे मेहनत, ही शिकवण मुलांना नववीत मिळते आणि आम्ही ती पस्तिशीपर्यंत पाळतो. नैराश्य आणि अपुरी झोप एकमेकांना खतपाणी घालतात, हे माहीत असलेली माणसंसुद्धा.

हे पाश्चात्त्य खूळ आहे म्हणणाऱ्यांनी मदुराईचं काम पाहावं. मदुराई कामराज विद्यापीठात प्रा. एम. के. चंद्रशेखरन यांनी वटवाघळांपासून माणसापर्यंत जैविक घड्याळावर संशोधन उभं केलं, तेही आपल्याच देशातल्या उजेडात आणि तापमानात. महाराष्ट्राला स्वतःची माहिती गोळा करायला मोठी यंत्रं लागत नाहीत. म्युनिकमध्ये तयार झालेल्या एका प्रश्नावलीचा गाभा अगदी साधा आहे: शाळेच्या दिवशी किती वाजता झोपतोस आणि उठतोस, सुट्टीच्या दिवशी किती वाजता. या दोन्ही दिवसांच्या झोपेचा मध्य किती वाजता येतो ते पाहून त्यांतलं अंतर काढलं, की शाळा मुलाच्या घड्याळापासून किती दूर आहे ते दिसतं. दोन्ही सत्रांतल्या आठवी-नववीच्या वर्गांत ही प्रश्नावली भरून घ्यायची, हजेरीपत्रक आणि गणिताचे गुण बाजूला ठेवायचे, आणि मुंबई, नागपूर, कोल्हापूर वेगवेगळे पाहायचे. एखाद्या विद्यापीठाचा मानसशास्त्र किंवा शिक्षणशास्त्र विभाग एका शैक्षणिक वर्षात हे करू शकेल. मराठी प्रश्नावली करून द्यायला आणि आकडे तपासायला मी तयार आहे. बाईंनी त्यांच्या शाळेतल्या नववीच्या दोन तुकड्या देऊ केल्या आहेत, पालकांची संमती मिळाली की जूनमध्ये सुरुवात करू.