सिंहगडाकडे तोंड करून

काल संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर, पाणीकपातीच्या वेळापत्रकाशेजारी, एक नवी सूचना लागली: ‘गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांना इतरांनी हात लावू नये.’ ‘इतरांनी’ या शब्दापुढे कंसात माझ्या फ्लॅटचा क्रमांक आहे. छप्पन्न वर्षे जपलेल्या अब्रूचा एका ओल्या गोधडीपायी असा पंचनामा व्हावा, हे मला अजून पचलेले नाही.

झाले होते ते एवढेच, की आठवडाभर आमचा टीव्ही सकाळी दहाला जाई आणि संध्याकाळी पाचला परत येई. बोलावलेला मेकॅनिक साडेपाचला उगवला, स्वच्छ चित्राकडे पाहून ‘सिग्नल एकदम ओके आहे, साहेब’ म्हणाला आणि तीनशे रुपये घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पडदा निळा झाल्यावर मी स्वतःच पाना घेऊन गच्चीवर गेलो.

तिथे दुसऱ्या मजल्यावरचे काका पाण्याच्या टाकीला प्रदक्षिणा घालत होते. ते थांबले, ही माझ्या दुर्दैवाची सुरुवात.

“डिशचं तोंड कुठे आहे?”

“आग्नेयेला.”

“तिथेच चुकतंय तुमचं. सिंहगडाकडे फिरवा.”

काकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. १९७३ साली सिंहगडावर दूरदर्शनचे प्रक्षेपण केंद्र सुरू झाले, तेव्हापासून पुण्यातल्या यच्चयावत अँटेना त्या मनोऱ्याकडे माना वळवून उभ्या असत, आणि काकांनी वाड्याच्या कौलांवर उभे राहून ॲल्युमिनियमच्या त्या काड्या स्वहस्ते फिरवलेल्या होत्या. मी त्यांना सांगितले, की आमचे चित्र जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, तो पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर, निकोबारच्या दक्षिणेला विषुववृत्ताच्या वर असतो आणि पृथ्वीबरोबरच फिरत असल्यामुळे आपल्याला एका जागी स्थिर भासतो.

“सिंहगड किती लांब?”

“असेल पंचवीस किलोमीटर.”

“आणि तुमचा हा उपग्रह?”

“छत्तीस हजार.”

कोपऱ्यावरची मंडई सोडून कोथिंबिरीसाठी हडपसरला जाणाऱ्या माणसाकडे पाहावे, तसे काकांनी माझ्याकडे पाहिले. “जवळचं सोडून एवढ्या लांबून कशाला आणायचं म्हणतो मी?” मग वास्तुशास्त्राचाही दाखला मिळाला: आग्नेयेला स्वयंपाकघर असते, तिकडून टीव्ही दिसेलच कसा! दूरदर्शनने ते जुने प्रक्षेपक एकामागून एक बंद केले, हे मी सांगून पाहिले. पण ‘तुम्ही फिरवून तर बघा’ यापुढे काका सरकेनात. खाली सेट टॉप बॉक्स सिग्नलची ताकद ऐंशी टक्के आणि गुणवत्ता शून्य दाखवत असल्याचे सौ. फोनवर सांगत होती. हा चमत्कार कसा घडत असेल, ते काकांचे बोलणे ऐकताना मला नीट उमगले.

एवढ्यात माझे लक्ष दोरीकडे गेले. नायलॉनच्या त्या दोरीचे एक टोक टाकीच्या पाइपला होते आणि दुसरे, उपग्रहाचा सिग्नल टिपणारा एलएनबी ज्यावर बसवलेला असतो, त्या आमच्या डिशच्या दांड्याला. मधोमध पाणी गळणारी दुहेरी गोधडी होती आणि तिच्या भाराने तो दांडा चांगलाच वाकला होता. डिशला दोन-चार अंशांचा फरकही सोसत नाही. मी गोधडी दोन्ही हातांनी उचलून धरली. फोनमधून “आलं!” सोडली. “गेलं!” खात्रीसाठी तिसऱ्यांदा उचलली, तेव्हा गच्चीच्या दारात काकू उभ्या होत्या, आणि परका माणूस आपल्या गोधडीला कवटाळून, खांद्यावर फोन दाबून “आता? आता?” असे ओरडतो आहे, एवढेच दृश्य त्यांच्या वाट्याला आले.

काकांनी साक्ष द्यायला हरकत नव्हती. त्यांनी दिलीही: “मी मघापासून सिंहगडाकडे फिरवा म्हणून सांगतोय, तर हे गोधडीशी झोंबतायत.”

फलकावरच्या सूचनेचे वळणदार अक्षर काकांचेच आहे. माझ्या दांड्याला परस्पर दोरी बांधणाऱ्याबद्दल मात्र तिच्यात अवाक्षर नाही, आणि मेकॅनिकचे तीनशे रुपयेही मला कोणी देणार नाही. आत्ता दहा वाजून दहा मिनिटे झाली आहेत. वर कोणीतरी चादरी झटकत आहे.