आवाज कसा येतोय, मॅडम?

आमच्या घरात एसीचा आवाज सगळ्यांत आधी सासूबाईंना ऐकू येतो. दाराची बेल, कुकरच्या शिट्ट्या, स्वयंपाकघरातून मी मारलेल्या हाका यांतलं काहीही त्यांच्या कानापर्यंत पोचत नाही. पण मध्यरात्री, बंद दाराआडचा आमचा एसी जरा वेगळ्या सुरात बोलला की त्या दारावर टकटक करतात. "अगं, तुमचं ते यंत्र कण्हतंय."

ह्यांचं निदान ठरलेलं. डोळेही न उघडता, "नॉर्मल आहे." ह्यांना सगळेच आवाज नॉर्मल वाटतात. ऐरोलीच्या पुलावर स्कूटरचा सायलेन्सर रस्त्याला घासत येत होता, तेव्हाही स्कूटर नॉर्मलच होती. चिरंजीवांनी तर मोबाइलमध्ये डेसिबल मोजायचं ॲप घेतलंय. तो अंधारात एसीखाली फोन धरून उभा राहतो आणि जाहीर करतो, "चाळीसच्या आत आहे. लायब्ररीत एवढा असतो." त्याला लायब्ररीची माहिती आहे याचा मला आनंद झाला, पण झोप लागली नाही.

आम्ही राहतो खाडीच्या अंगाला. इथे फ्लेमिंगो फुकट बघायला मिळतात आणि त्याची वसुली एसीच्या कॉईलमधून होते. खारी, दमट हवा बाहेरच्या युनिटच्या पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर पांढरी पूड चढवते, स्क्रू गंजवते, भिंतीतल्या ब्रॅकेटचे बोल्ट खाते, आणि मग पुण्यात जो एसी गुमान चालला असता तो इथे बोलायला लागतो. पुण्याची नणंद म्हणते, "आमचा तर आवाजच येत नाही बाई." पुण्यात बोलायचं काम माणसंच करतात, असं मी मनात म्हणते.

खरं तर दोष मूळ कल्पनेतच आहे. १९०२ साली विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरने ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी हे तंत्र बसवलं. दमट हवेने तिथला कागद फुगायचा, आक्रसायचा आणि एकावर एक छापायचे रंग नीट बसायचे नाहीत. म्हणजे हे यंत्र कागदाच्या सोयीसाठी होतं. कागद काही रात्री कुशीवर वळून "बघा ना, परत सुरू झालं" म्हणत नाही. पुढे माणसांनी ते खिडकीत बसवलं तेव्हा कॉम्प्रेसर थेट उशाशी आला. मग स्प्लिट एसी आला. त्यात थंडावा आपल्याला आणि कॉम्प्रेसर बाहेर, शेजाऱ्याच्या खिडकीपाशी. अशी वाटणी बघून हा शोध एखाद्या हाउसिंग सोसायटीतच लागला असावा असं मला वाटतं.

असो. हेल्पलाइनला फोन मी लोकलमधून लावला, कारण घरून लावला की मागून सासूबाई सूचना देतात. ठाणे-वाशी गाडी, लेडीज डबा, ऐरोलीला कशीबशी मिळालेली तिसरी सीट. आधी भाषा निवडा, मग उत्पादन निवडा, मग संगीत ऐका. रबाळे गेलं, घणसोली गेलं, तेव्हा कुठे एक गोड मुलगी लाइनवर आली.

"आवाज कसा येतोय, मॅडम?"

"घरघर."

"म्हणजे खरखर की भणभण?"

"घर्रर्र... मग थांबतो. मग टक्, टक्. आणि मध्येच पॉक्."

"पॉक्?" टाइप करता करता ती थांबली. तिच्या यादीत पॉक् नसावा. "मॅडम, एकदा करून दाखवता का?"

मी करून दाखवला. हळू केला तर तिला ऐकू येईना, म्हणून मोठ्याने केला. समोरच्या बाईने कानातले इअरफोन काढले. खिडकीतल्या आजींनी जप थांबवला. "तक्रार नोंदवली आहे" असं सांगून मुलीने फोन ठेवला आणि डब्याने माझी तक्रार हातात घेतली.

"गॅस गेलाय," मटार सोलणारी म्हणाली. "पाल असणार," दुसरी म्हणाली. "आमच्याकडे पाल सर्किटवर चढली, पालही गेली आणि पीसीबीही." तिसरीने कॅपॅसिटरचं नाव घेतलं आणि सगळ्यांनी तिच्याकडे आदराने पाहिलं. तिच्याकडे म्हणे एसी नुसता हूंऽऽ करायचा, पंखा फिरायचा, पण हवा साधीच. कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का कॅपॅसिटर देतो. तोच मेला की कॉम्प्रेसर जागच्या जागी कुंथतो, तापतो आणि दमून बंद पडतो. "तसा आवाज आला की रिमोट दाबत बसायचं नाही हं. सरळ एमसीबी पाडायचा." आमचे हे रिमोट कसा दाबतात ते आठवून माझ्या पोटात गोळा आला.

कोपरखैरणे सोडलं तशी, इतका वेळ गप्प असलेली एक चष्मेवाली म्हणाली, "पॉक् येतो तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरातली चिमणी चालू असते का?"

डबा गप्प झाला.

असते. सासूबाई रात्री उशिरा स्वतःसाठी काढा उकळतात आणि वास नको म्हणून चिमणी लावतात. "दारंखिडक्या बंद असल्या की चिमणी घरातली हवा ओढून बाहेर टाकते," ती म्हणाली, "मग बाहेरची हवा मिळेल त्या भोकातून आत घुसते. एसीच्या पाण्याच्या नळीतूनसुद्धा. नळीत पाणी साठलेलं असतं, त्यातून बुडबुडा वर येतो. पॉक्. खिडकी बोटभर उघडून बघा." तुर्भ्याला ती उतरून गेली. त्या रात्री मी खिडकी बोटभर उघडली आणि पॉक् बंद. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं. कंपनीने तिला नोकरीवर ठेवायला हवं.

मेकॅनिक आला तेव्हा एसी अर्थातच शहाण्यासारखा वागला. एरवी ज्याची घरघर आमच्या पोळ्या लाटण्यावर मात करते, तो त्या पोराला पाहताच चिडीचूप. "काकू, आवाज कुठाय?" पोरगा असेल पंचविशीतला, ह्यांना 'सर' म्हणाला आणि मला 'काकू'. मी चहा टाकणार होते, तो बेत लांबणीवर टाकला.

पण पोरगा हुशार होता. त्याने एसी सोळावर लावला, खिडकीतून अर्धा बाहेर झाला आणि आउटडोअरच्या पत्र्यावर नुसता तळवा ठेवला. जरा वेळाने घर्रर्र सुरू झालं. तळवा दाबला की बंद, उचलला की सुरू. पत्र्याचे दोन स्क्रू गंजून गळाले होते आणि आत, पंख्याच्या कडेला, कबुतराचा संसार. त्याने तो बाहेर काढून आमच्या बाल्कनीत मांडला. खराट्याच्या हिरा, बांधकामाची बाइंडिंग वायर, केबलवाल्याने टाकलेला वायरचा तुकडा, आणि मधोमध माझा हरवलेला केसांचा चाप. पंख्याच्या पात्याला हिरा लागत होत्या, त्याचंच ते घर्रर्र.

"आणि टक् टक्?"

"ते प्लॅस्टिक, काकू. गार झालं की आक्रसतं, बंद केलं की परत फुलतं. त्याला काही करायचं नाही."

"ऐकलंस?" हे म्हणाले. "नॉर्मल."

तेवढ्यात सासूबाई दारात उभ्या. "त्याला म्हणावं, ते सूंऽऽ बघ."

कुठलं सूं? आम्हाला कुणालाच ऐकू येईना. ॲपलाही येईना. सासूबाईंनी बोट दाखवलं, थेट भिंतीच्या कोपऱ्यात, जिथे तांब्याच्या नळ्या बाहेर जातात. पोराने साबणाचं पाणी मागितलं, नळीच्या पितळी नटावर ब्रशने फासलं, आणि आम्ही सगळे माना वर करून बघत राहिलो. एक बारीक बुडबुडा आला, फुगला, फुटला. मागोमाग दुसरा.

"आजी, मानलं तुम्हाला," पोरगा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, जरा दबक्या आवाजात, "काकू, आमच्या धंद्यात मोठा आवाज स्वस्त असतो. खडखड म्हणजे स्क्रू, धडधड म्हणजे ब्लोअरवर धूळ. हा बारीक असतो ना, हा महाग."

मग मला उलगडलं की दरवर्षी एप्रिलमध्ये एक गृहस्थ येऊन "गॅस कमी झालाय" म्हणत भरून का जायचे. एसीतला गॅस बंद नळ्यांतून गोल फिरतो. तो वापरून संपत नाही. कमी झाला याचा अर्थ कुठून तरी गळतोय, आणि गळती न शोधता भरणं म्हणजे पुढच्या एप्रिलची सोय. आमच्यात आर-३२ नावाचा गॅस होता. तो पेट घेऊ शकतो, म्हणून ह्यांनी काढलेला पाना पोराने नम्रपणे परत खोक्यात ठेवायला लावला. नळीचं तोंड कापून नवं केलं, पंपाने नळ्यांतली हवा ओढून व्हॅक्यूम मारला आणि गॅसचा सिलिंडर काट्यावर ठेवून ग्रॅमवारी मोजून भरला. सासूबाई काट्यावर वाकल्या होत्या. "आधी शून्य दाखव," त्या म्हणाल्या.

बिल पाहून हे प्रथमच 'नॉर्मल' म्हणाले नाहीत. पोराला मी चहा दिला, आलं घालून. जाताना त्याने पाण्याची नळी नीट उताराला लावून दिली, "आता आत पाणी साठणार नाही" म्हणाला.

साठत नाही. रात्री एसी इतका शांत चालतो की सासूबाई काळजीने दोनदा येऊन बघून जातात.

परवा अकराच्या सुमारास खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन आला. त्यांच्या बाल्कनीवरच्या पत्र्यावर आमच्या नळीचं पाणी पडतंय, रात्रभर आवाज येतो, झोप नाही, आता ग्रुपवर टाकावं लागेल वगैरे. मी त्यांचं सगळं ऐकून घेतलं.

"कसा येतोय आवाज, काका? टप् टप् की ठण् ठण्?"

काका गोंधळले. "टप्... म्हणजे, टपाक्."

"जरा करून दाखवता का?"