वीस डॉलरची नोट आणि जॅक्सन यांचा मान

अमेरिकेच्या वीस डॉलरच्या नोटेवरून अँड्र्यू जॅक्सन यांना हटवू नये, असे सांगणारा मजकूर अधूनमधून फिरत असतो. त्याचा आशय असा, की या सातव्या राष्ट्राध्यक्षांनी देशाला कर्जमुक्त करून हा मान कमावला आहे, त्यांना आजच्या नीतिकल्पनांच्या तराजूत तोलणे गैर आहे, आणि त्यांचे चित्र काढणे म्हणजे इतिहास पुसणे होय.

कर्जाची गोष्ट खरी आहे. जानेवारी १८३५ मध्ये राष्ट्रीय कर्ज पूर्ण फिटले आणि तसे पुन्हा कधीच घडले नाही. मात्र १८३७ च्या आर्थिक संकटात सरकारला पुन्हा उसनवारी करावी लागली, हे त्या मजकुरात नसते. त्या संकटाचे सारे खापर एकट्या जॅक्सन यांच्यावर फोडता येणार नाही. पण कागदी चलनावर त्यांचा विश्वास नव्हता, हे त्यांनी स्वतःच दाखवून दिले होते : कागदी नोटा काढणाऱ्या बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स या तेव्हाच्या राष्ट्रीय बँकेच्या सनदीचे नूतनीकरण त्यांनी १८३२ मध्ये नकाराधिकाराने रोखले आणि १८३६ मध्ये सरकारी जमिनीची किंमत सोन्याचांदीतच घ्यावी, असा हुकूम काढला. आजची नोट हातात घेऊन पाहावी. सर्व सार्वजनिक आणि खाजगी देण्यांसाठी ती वैध असल्याची ग्वाही त्यांच्या चित्राशेजारीच छापलेली आहे. त्यांच्या आर्थिक धोरणाचा हा गौरव म्हणायचा की थट्टा?

‘त्या काळी सारे तसेच वागत’ हा मुद्दा सर्वांत लंगडा आहे. मूलनिवासी जमातींना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचा १८३० चा कायदा प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी, म्हणजे जेमतेम, मंजूर झाला. जॅक्सन यांच्याच टेनेसी राज्यातील डेव्ही क्रॉकेट यांनी त्याविरुद्ध मत दिले आणि पुढच्या वर्षीची निवडणूक ते हरले. सिनेटमध्ये थिओडोर फ्रेलिंगहायसन यांनी अनेक तास बोलून विरोध केला. यांपैकी चेरोकी जमातीची प्रत्यक्ष हकालपट्टी १८३८ मध्ये, जॅक्सन यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरेन यांच्या कारकिर्दीत झाली, हा बचाव तारखेपुरता बरोबर आहे. परंतु ज्या कराराच्या आधारे ती झाली, तो जॅक्सन यांच्या सरकारने चेरोकींच्या निवडून आलेल्या नेतृत्वाला डावलून एका लहान गटाशी केला होता. त्या स्थलांतरात सुमारे चार हजार माणसे मेली, असा अंदाज सर्वसाधारणपणे मानला जातो. तेव्हा जॅक्सन यांना दोष देण्यासाठी आजच्या तराजूची गरजच नाही; त्यांच्या समकालीनांचा तराजू पुरेसा आहे.

राहिला इतिहास पुसण्याचा प्रश्न. १९१४ च्या मालिकेत वीसच्या नोटेवर ग्रोव्हर क्लीव्हलँड होते. १९२८ मध्ये जॅक्सन आले, आणि त्यांचीच निवड का झाली याचा खुलासा कोषागार विभागाच्या दप्तरात सापडत नाही. क्लीव्हलँड गेले म्हणून इतिहास पुसला गेल्याची तक्रार ऐकिवात नाही. चित्रातील व्यक्ती हयात नसावी, एवढीच कायद्याची अट आहे. दहा आणि शंभर डॉलरच्या नोटांवरचे हॅमिल्टन आणि फ्रँकलिन तर राष्ट्राध्यक्षही नव्हते. शिवाय २०१६ मध्ये कोषागार मंत्री जेकब ल्यू यांनी जी योजना जाहीर केली होती, तीत गुलामांना पळून जाण्यास मदत करणाऱ्या हॅरिएट टबमन यांचे चित्र पुढे येणार होते, आणि जॅक्सन यांना त्याच नोटेच्या मागच्या बाजूला, व्हाइट हाउससोबत, जागा ठेवलेली होती.