उंदराच्या पिल्लाला ब्रश फिरवणारे रिकामटेकडे

सकाळी फॅमिली ग्रुपवर काकांचं फॉरवर्ड आलं, शास्त्रज्ञांचे दहा मूर्ख प्रयोग, आणि खाली सगळ्यांचे हसून लोळणारे इमोजी. चौथ्या नंबरला होतं, ‘उंदराच्या पिल्लांना ओल्या ब्रशने मसाज करणारे रिकामटेकडे.’ डोकंच फिरलं माझं. चहा तसाच राहिला, कामाला उशीर झाला, पण हे लिहिल्याशिवाय आज चैन पडणार नाही.

माझी लेक एकतिसाव्या आठवड्यात झाली. काचेत ठेवली होती, अंगभर वायरी, हात लावायलाच भीती वाटायची. एक दिवस सिस्टर म्हणाल्या, ताई, हात घाला आत. मी एका बोटाने हळूच कुरवाळलं तर म्हणाल्या, असं नको, त्याने गुदगुल्या होतात, तळवा टेकवा, जरासा दाब द्या, खांद्यापासून खाली. दोन वेळा तर माझा हात धरून त्यांनीच फिरवला.

तो हात कुठून आला माहितीये? त्या उंदरांकडून! अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात सॉल शॅनबर्ग यांच्या लॅबमध्ये आईपासून लांब ठेवलेल्या पिल्लांची वाढच थांबायची, नुसती ऊब देऊन भागेना. मग लक्षात आलं की उंदरीण पिल्लांना सारखी चाटते, म्हणून त्यांनी ओला ब्रश घेऊन तसंच घासून पाहिलं आणि थांबलेली वाढ परत सुरू झाली. हेच ते रिकामटेकडे. पुढे टिफनी फील्ड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तेच कमी दिवसांच्या बाळांवर करून पाहिलं, दिवसातून 3 वेळा, 15-15 मिनिटं. 1986 साली निकाल छापून आला, मसाज केलेल्या बाळांचं वजन मसाज न केलेल्या बाळांपेक्षा रोज 47 टक्के जास्त वाढत होतं आणि ती 6 दिवस आधी घरी गेली. सहा दिवस! काचेबाहेर उभं राहून ज्याने दिवस मोजलेत त्याला विचारा सहा दिवस म्हणजे काय ते.

मान्य, सगळ्याच प्रयोगांतून काही निघत नाही. माझ्या लेकीला दूध, औषधं, डॉक्टर सगळंच लागलं, नुसत्या हाताने ती वाढली नाही, हेही मान्य. पण कशातून काय निघेल हे आधी कळतं कुणाला? थॉमस ब्रॉक नावाचे शास्त्रज्ञ अमेरिकेतल्या येलोस्टोन पार्कमधल्या गरम पाण्याच्या झऱ्यांतले जंतू शोधत बसले होते, त्यांना त्यातून काही विकायचं नव्हतं, कुतूहल होतं बस. त्यातल्याच एका जंतूचं एन्झाइम पुढे पीसीआर टेस्टला लागलं. कोविडमध्ये नाकात काडी घालून घेतलीत ना सगळ्यांनी, रिपोर्टची वाट बघत रात्र काढलीत ना? आणि गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या विषातलं एक द्रव्य तपासता तपासता डायबेटिसचं औषध निघालं, 2005 मध्ये मंजूर झालं. तेव्हा सरड्याचं विष तपासणारेही कुणाच्या तरी यादीत असतीलच.

लिहिता लिहिता जरा शांत झाले. काकांवर राग नाही खरं तर. त्या दिवसांत रात्री बाहेरच्या बाकड्यावर काकाच बसून असायचे, मी बाहेर आले की एकच प्रश्न, आज किती ग्रॅम? वीस ग्रॅम वाढले म्हटल्यावर डोळे पुसायचे. ते वीस ग्रॅम कुठून आले हे त्यांना कुणी सांगितलंच नाही, मलाही पुष्कळ वर्षांनी कळलं.

लेक आता आठवीत आहे, उंचीने माझ्या खांद्याच्या वर गेलीये. काका, बाकीच्या नऊंचं मला माहीत नाही. तो चौथा नंबर तेवढा काढून टाका, प्लीज.