डेकमध्ये २०० वॉट पडून नसतात

गाडीतल्या गाणी वाजवणाऱ्या डेकबद्दल एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय: 'डेकवर ५० वॉट × ४ लिहिलंय, म्हणजे २०० वॉटची ताकद पडून आहे. मागच्या स्पीकरच्या वायरलाच आणखी दोन स्पीकर जोडा. वायर कमी पडली तर काळी वायर बॉडीला अर्थ करा. प्लस-मायनस कसंही चालतं. घरात एका लाइनवर दहा बल्ब लागतात, मग इथे काय अडचण?'

बल्बापासूनच सुरुवात करू. दहा बल्ब लावले की लाइनमधून दहापट करंट जातो आणि घरच्या लाइनला त्याचं काही वाटत नाही. डेकमधला आयसी, म्हणजे स्पीकर चालवणारी चिप, मात्र बहुतेक वेळा ४ ओमचा स्पीकर धरून बनवलेला असतो (ओम म्हणजे करंटला होणारा अडथळा). ४ ओमचे दोन स्पीकर पॅरलल, म्हणजे एकाच जोडवायरीवर शेजारी-शेजारी, लावले की त्याच्यासमोर २ ओम येतात. करंट दुप्पट, आणि त्याची उष्णता डेकमागच्या चिमुकल्या हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) माथी. हळू आवाजात काहीच बिघडत नाही, म्हणून सल्ला देणारा छातीठोकपणे सांगतो, 'माझं तर चालतंय!' आवाज चढवून लांबच्या प्रवासाला निघा. गाणं फाटायला लागतं, डेक तापून गप्प होतो, गार झाला की पुन्हा बोलतो. २ ओमला चालणारे डेकही असतात, पण तसं माहितीपुस्तिकेत छापलेलं असेल तरच.

आता ते ५० वॉट. इंजिन चालू असताना डेकला साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. १४.४ चा वर्ग २०७, भागिले ४ ओम: जवळपास ५२. डब्यावरचा आकडा येतो तो इथून! पण एवढे वॉट निघतात ते आवाजाची विद्युत लाट वरखाली कापली जाऊन पार चौकोनी झाल्यावर, म्हणजे गाण्याची खरखर झाल्यावर. स्वच्छ, गोलसर साइन लाटेला याच्या निम्मे, २६, तेही कागदावर. आयसीतला तोटा वजा केला की एका चॅनलला (एका स्पीकरच्या जोडणीला) २० वॉटच्या आसपास उरतात. जे पडून आहेत म्हणतात ते कधी नव्हतेच. शिवाय वॉट दुप्पट झाले तरी वाढतात ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० लागतात, म्हणजे दहापट वॉट.

बॉडी अर्थचा सल्ला मात्र निव्वळ थाप नाही, शिळा आहे. जुन्या डेकमध्ये स्पीकरची एक बाजू खरोखरच बॉडीला जायची. आजच्या डेकमध्ये चॅनलच्या दोन्ही वायरी आयसीकडून चालवल्या जातात. एकीवर व्होल्टेज चढतं तेव्हा दुसरीवर उतरतं. गाणं बंद असतानाही दोन्हींवर ६-७ व्होल्ट डीसी असतात. त्यातली एक बॉडीला टेकवली की सरळ शॉर्ट. संरक्षण असेल तर डेक नुसता गप्प बसेल, नसेल तर तो चॅनल कायमचा गेला. दोन चॅनलच्या मायनस वायरी एकत्र बांधणं हाही तोच उद्योग.

प्लस-मायनस उलटं लागल्याने काही जळत नाही, एवढं खरं. पण एक स्पीकर हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि बेस हरवतो. वायर सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा; स्पीकरचा पडदा बाहेर आला तर सेलच्या प्लसकडचं टोक प्लस.

एक सूट देतो. कपॅसिटर (खालचे सूर अडवणारा भाग) लावलेला ट्वीटर, म्हणजे उंच सुरांचा छोटा स्पीकर, त्याच वायरवर पॅरलल खुशाल लावा. ४ ओमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर साधारण ८,५०० हर्ट्झच्या खालचं फारसं तिकडे जातच नाही. सगळा जोर खालच्या सुरांत असतो, त्यामुळे आयसीवर भार नाममात्र वाढतो.

मोठे स्पीकर वाढवायचे तर सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडले की ८ ओम होतात. डेक सुरक्षित, पण प्रत्येक स्पीकरला मिळणारे वॉट आधीच्या एक चतुर्थांश. ते नको असेल तर वेगळा अँप्लिफायर. त्याची वायर थेट बॅटरीवरून येते, म्हणून फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच हवा, अँप्लिफायरजवळ नाही. फ्यूज लांब असला आणि वाटेत पत्र्यावर वायर सोलली तर पेट घेणार ती वायरच.